कासवापाशी मीठ

दत्तजयंतीच्या पंगतीत बासुंदीत साखरेच्या जागी मीठ पडलं, ते काही संपतरावांनी आपल्या हातानं टाकलं नव्हतं. त्यांनी नुसतं स्वयंपाकघर आवरलं होतं. पण आवरण्यात त्यांचा हात इतका मोठा होता, की टाकणारीचा हात त्यांनीच धरून टाकवला असं कुणी म्हटलं असतं तरी त्यांना भांडता आलं नसतं.

संपतराव हे कुरुंद्याबाहेरच्या ओढ्याकाठच्या दगडी मठाचे कारभारी. मठ इतका जुना, की तो कुणी बांधला हे विचारलं तर गावातली म्हातारी माणसं आभाळाकडे बोट दाखवून मोकळी व्हायची. काळ्या दगडाच्या भिंती, वर दगडाचंच छत, आणि मागच्या दालनात नक्षीचे ठेंगणे खांब. त्या मागच्या दालनात मठाचं स्वयंपाकघर होतं. वाटसरू कुणीही येवो, त्याला भाकरी आणि गरम पिठलं मिळायचंच. ते मिळायचं शकुबाईंच्या हातून. संपतरावांना मिसरूड फुटायच्या आधीपासून शकुबाई तिथं चुलीपाशी होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि मठात एकदा भंडाऱ्याला भाकरी थापायला म्हणून आल्या त्या परत गेल्याच नाहीत.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता हैदराबादहून जुन्या इमारतींच्या खात्याचे एक साहेब आले. त्यांनी खांबावरची काजळी रुमालानं पुसली, आणि आतून नक्षी निघाली तसे ते लहान मुलासारखे हरखले. मग त्यांनी संपतरावांना हात जोडून तीन गोष्टी सांगितल्या. भिंतीला खिळा नको, दगडाला चुना नको, आणि कोनाड्यांत कसलंही भांडंकुंडं नको. साहेब भला माणूस होता. जाताना पिठलं दोनदा मागून जेवला आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो म्हणाला.

संपतरावांना एवढं निमित्त पुरलं. दत्तजयंतीच्या सकाळी शकुबाई विहिरीवर गेल्या असताना त्यांनी सगळे कोनाडे रिकामे केले, पुसले आणि सगळ्या बरण्या एका फळीवर उंचीच्या हिशेबानं उभ्या केल्या. डावीकडं बुटकी हिंगाची, उजवीकडं लठ्ठ डाळीची. पोलिसांची कवायत असावी तशी ती रांग दिसत होती. संपतराव दोन पावलं मागं सरकून बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. शकुबाईंना सांगायचं मात्र त्यांनी राखून ठेवलं. आल्यावर बघतील आणि खूश होतील, असा बेत होता.

कुटलेलं मीठ आणि साखर. दोन्ही वाटीत सारखीच सळसळतात आणि वास दोघांनाही नाही. त्यातून नैवेद्याचा स्वयंपाक, म्हणजे चाखून बघायची सोय नाही. पहिला घास देवाचा. देव काही बोलला नाही. दुसरा घास उकंडरावांचा.

उकंडराव म्हणजे गावचे मोठे जमीनदार आणि मठाच्या पंचांतले पहिले. त्यांनी भलीमोठी वाटी एका दमात तोंडाला लावली आणि तशीच हळूहळू खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्यांना वाटलं, भक्तीनं आलं.

"कारभारी," ते म्हणाले, "ही वाटी जरा पिऊन पाहता का?"

संपतरावांनी घोट घेतला. "जरा खारट लागून राहिली, मालक."

"जरा?"

संपतराव स्वयंपाकघरात धावले. शकुबाई चुलीपुढं गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

"संपत, तिसऱ्या कोनाड्यातली साखर कुठं गेली रे?"

"मावशी, मी आवरलं सगळं. ही काय फळीवर, रांगेत. दिसत नाही का?"

"न्हाई," शकुबाई म्हणाल्या.

संपतरावांना आधी कळेना. "धूर फार झालाय का?"

"धूर न्हाई रे लेकरा. दोन वरसं झाली. उजेड कळतो, कुनी आडवं आलं तर सावली कळती. बाकी हातानं चालून राहिलं. कोनाडे पाठ हायेत मला, हात बराबर जातो. आज हात गेला आन् कोनाडा रिकामा. पंगत बसलेली. फळीवर जी बरनी हाताला लागली, ती साखरंचीच आसंल म्हनलं."

संपतराव खाली बसले. बरण्यांची ती देखणी रांग आता त्यांना बघवेना.

"कुनाला सांगू नगं," शकुबाई म्हणाल्या. "उकंडरावाला कळलं तर हट्ट्याला धाडतील मला, पुतन्याकडं. पुतन्या वाईट न्हाई, दोन टाइम जेवाया घालंल. पन तिथं मला वाढू कोन देईल, सांग बरं?"

ज्या बाईनं अर्ध्या मुलखाला वाढलं, तिला उरलेलं आयुष्य खाटेवर बसून ताट पुढं यायची वाट बघायची होती. त्यांनी गळ्याची शपथ घेऊन कुणाला न सांगायचं कबूल केलं. संपतरावांसारख्या बोलक्या माणसाला ही शपथ फार महागाची होती.

उकंडरावांना इतकंच कळलं होतं, की शकुबाई थकल्या. "वय झालं, कारभारी," ते ओसरीत पानाला चुना लावत म्हणाले. "म्हातारीला तकलीफ काहून द्यायची? चैताच्या भंडाऱ्यापर्यंत बघू. पुन्यांदा असं झालं, तर तिच्या पुतन्याला गाडी घेऊन बोलवा."

*

कोनाडे तर पुन्हा भरता येत नव्हते, साहेबांना शब्द दिला होता. फळीवरच्या बरण्या कुणाच्याही धक्क्यानं इकडच्या तिकडं व्हायच्या. तेव्हा फडताळ करायचं संपतरावांनी ठरवलं आणि हिंगोलीहून एक फर्निचरवाला बोलावला. त्यानं दालनात शिरून चहूकडं पाहिलं. भिंत वरून आत झुकलेली, फरशी मोरीकडं उतरलेली, खांबांना मध्येच पोट सुटलेलं. त्यातून भिंतीला ठोकायची बंदी. आणि ठोकणार तरी कशानं? दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत खिळेसुद्धा पलटणीत भरती झाले होते. फर्निचरवाला म्हणाला, "आधी बिल्डिंग सरळ करून घ्या, मग आपुन कपाट करू," आणि चहा पिऊन निघून गेला.

त्याला गाडीनं वाटेला लावून परत येताना संपतराव हिरमुसून गाडीच्या साटीच्या काठावर पाय सोडून बसले होते. गाडी एका दगडावरून गेली, एक चाक वर, एक खाली, सगळं अंग कुरकुरलं आणि पुन्हा जागच्या जागी बसलं. संपतराव खाली वाकून बघायला लागले. चाकाची लोखंडी धाव सोडली तर सगळ्या गाडीत खिळा नव्हता. खुंटी, खाच आणि पाचर. आणि गाडीला सपाट जमीन कुणी कधी दिली होती?

"गाडी कुणी केलीय रे ही?" त्यांनी गाडीवानाला विचारलं.

"डोंगरकड्याच्या सटवाजीनं. काहून?"

संपतरावांनी बैल तिथूनच डोंगरकडा गावाकडं वळवायला लावले.

सटवाजी सुताराच्या गाड्या त्या भागात धान्याइतक्याच प्रसिद्ध होत्या. त्याच्या बोलण्याची मात्र टंचाई होती. लागेल तेवढं लाकूड आणि लागेल तेवढाच शब्द, उरलेलं दोन्ही तो कोपऱ्यात रचून ठेवायचा. एकदा एका सावकारानं नवी गाडी घेताना विचारलं, "किती वरसं टिकंल ही?" सटवाजी म्हणाला, "तुमच्याहून जास्त." सावकार तापला, पण गाडी घेऊन गेला, आणि पुढं सटवाजीचं म्हणणं खरंही ठरलं.

घरातलं बोलणं दोघांच्याही वाटचं त्याची बायको सुभद्राबाई बोलायची. संपतराव ओट्यावर टेकतात न टेकतात तोच तिनं चहाबरोबर नवऱ्याचं सगळं चरित्र त्यांच्यापुढं ठेवलं. "लगनात अंतरपाट खाली झाला, तवा समद्यायचे नवरे बायकोकडं पाहत्यात. ह्यायनं चौरंगाच्या पायाकडं पाहिलं. लंगडत व्हता म्हनं. माज्या बापाला वाटलं, पोरगं लाजाळू हाय. माळ घालायच्या आधी ह्यो मानूस खाली बसून पायाखाली पाचर सारून मोकळा!"

"मग काय झालं?" संपतरावांनी विचारलं.

"काय व्हायचं? तो चौरंग अजून लंगडत न्हाई," सुभद्राबाई म्हणाली, आणि हे सांगताना तिच्या तोंडावर जी ऐट आली, ती चौरंगाबद्दल नव्हती.

संपतरावांनी सगळी कथा सांगितली. शकुबाईंचे डोळे तेवढे वगळले, त्यामुळे कथेला मध्ये भलंमोठं भोक पडलं. सटवाजी त्या भोकातून पलीकडं बघितल्यासारखा त्यांच्याकडं बघत राहिला. मग उठला आणि हत्यारांची पिशवी गाडीत टाकली.

*

मठात आल्यावर त्यानं पायताण काढलं, पाय धुतले आणि स्वयंपाकघरात खांबाला टेकून जो बसला तो बसलाच. ना दोरी काढली ना गज. संपतराव आतबाहेर करून थकले. शकुबाई भाकरी थापत होत्या, आमटी ढवळत होत्या, आणि हा नुसता त्यांच्या हातांकडं बघत होता.

दुपारी तो म्हणाला, "मावशी, तंबाखूला चुना हाय का?"

शकुबाई उठल्या. फळीवरच्या बरण्यांवरून त्यांची बोटं एकेका झाकणाला विचारत गेली, एक झाकण उघडून त्यांनी वास घेतला, ठेवलं, दुसरं उघडलं, आणि चुन्याची डबी काढून दिली. सटवाजीनं तंबाखू मळली. मग तो उठून एकेका खांबावरून वरून खाली तळहात फिरवत राहिला. पोळ्याला बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

संपतरावांच्या पोटात शपथ खदखदत होती. न सांगता सांगायचा त्यांनी प्रयत्न केला.

"सटवाजी, कप्पे जरा ठळक करा बरं का."

"हं."

"म्हणजे कसं, जुनी इमारत. उजेड बेताचा."

"हं."

"माणसाला नीट दिसलं पाहिजे. म्हणजे दिसतं सगळ्यांनाच, नाही असं नाही, पण…"

"कारभारी," सटवाजी म्हणाला, "बैलायला पानी दावलं का?"

संपतरावांनी आणखी एक तोड काढली होती. कप्प्याकप्प्यावर तांबड्या रंगानं मोठ्या अक्षरांत नावं घालायची. मीठ, साखर, हिंग. शकुबाईंना डोळे धड होते तेव्हाही अक्षर येत नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात यायला संध्याकाळ झाली.

पुढं कितीतरी दिवस मठाच्या अंगणातल्या लिंबाखाली सटवाजीचं किकरं आणि पटाशी ही कोरायची हत्यारं चालली. अंग सागाचं, खुंट्या बाभळीच्या. मधूनच तो आत जायचा, खांबाशी उकिडवा बसायचा, बोटांनी काहीतरी चाचपायचा आणि परत येऊन कोरायला लागायचा. गावातले रिकामटेकडे येऊन बसायचे. "सटवाजी, जू कुठं लावायचं?" असं एकानं विचारलं. सटवाजीनं त्याला घासायला एक फळी दिली. दुसऱ्या दिवसापासून गर्दी कमी झाली.

माघात फडताळ आत गेलं. पुरं नव्हे, फळी फळी करून. दोन खांबांच्या मध्ये सटवाजीनं ते उभं केलं, आणि संपतरावांना पहिल्यांदा कळलं की हा माणूस इतके दिवस काय चाचपत होता. खांबाला जिथं पोट होतं तिथं फडताळाच्या बाजूनं पोट आत घेतलं होतं. भिंत आत झुकली होती तशी पाठ झुकली होती, पण भिंतीला टेकली नव्हती, मधून हात जाईल एवढी जागा होती. मोरीकडचा पाय लांब, चुलीकडचा आखूड. सटवाजीनं वरच्या फळीवर परातभर पाणी ठेवलं. पाणी कुठंही कललं नाही. हे लाकूड आत्ता आलेलं नसून मठ बांधला तेव्हाच दगडाबरोबर आलं असावं, असं वाटत होतं. कप्प्यांच्या काठांना बारीक नक्षी होती, ती संपतरावांना फार आवडली. फक्त ठळकपणा कुठं दिसेना.

आणि मग वास सुटला.

गाडी तयार झाली की तिला करंजाचं तेल पाजायचं, हा सटवाजीचा जन्माचा नेम. लाकडाला कीड लागत नाही. सवयीनं त्यानं फडताळालाही पाजलं होतं, तेही आतून-बाहेरून, पोटभर. दुसऱ्या दिवशी आत ठेवलेल्या पिठाला, डाळीला, तुपाला, सगळ्यांना गाडीच्या कण्याचा वास लागला. एका वाटसरूनं पिठल्याचा घास घेतला आणि विचारलं, "मावशी, फोडणी वंगनाची हाय का?"

शकुबाई ताडकन अंगणात आल्या. त्यांना इतकं चिडलेलं संपतरावांनी कधी पाहिलं नव्हतं.

"मिस्तरी! माजं नाक काहून मारून राहिले तुमी? आत समद्याला एकच वास! जिरं कोनतं, ववा कोनता, मला कसं कळावं? माजं समदं आता नाकावरच…" आणि त्यांनी जीभ चावली.

संपतरावांनी डोळे मिटून घेतले. पण सटवाजीनं "आता" ह्या शब्दाकडं लक्षच दिलं नाही. तो उभा राहिला, डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "चुकलं."

ही बातमी डोंगरकड्याला पोचली तेव्हा सुभद्राबाईनं ती सांगणाऱ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतली म्हणतात.

सटवाजीनं त्याच पावली लाकडी मोगरीनं खुंट्या मागं ठोकल्या, आणि भाकरी भाजून होईस्तोवर फडताळाचा अंगणात ढीग झाला. राखेनं घासलं, उन्हात टाकलं, शिकेकाईनं धुतलं. वास हलेना. रस्त्यानं जाणारे बैल तेवढे थांबून आपुलकीनं हुंगून जायचे. भंडारा जवळ येत चालला तशी संपतरावांची झोप उडाली. फडताळ उभं राहिलं नाही, तर शकुबाई पुन्हा फळीवरच्या बरण्यांशी, आणि पुन्हा बासुंदी.

उपाय शेवटी शकुबाईंनीच काढला. "हळद लावा त्याला," त्या म्हणाल्या. "नवरदेवाचा बी समदा वास हळदीनंच जातो."

कुरुंद्याच्या शिवारात तेव्हा घरोघरची हळद शिजत होती. उकंडरावांच्याच मळ्यात भल्या कढया चुलवणावर चढल्या होत्या. सटवाजीनं गाडीत फळ्या भरून नेल्या आणि कढईतल्या उकळत्या पिवळ्या पाण्यानं एकेक फळी राख लावून घासायला घेतली. हळद निवडणाऱ्या बायका भोवती जमल्या.

"सटवाजीभाऊ, नवरदेव कोन?"

"फडताळ."

"आन् नवरी?"

सटवाजी विचारात पडला. शकुबाई बांधावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मी हाय की!" मग काय, बायकांनी हळदीची गाणी धरली, एकीनं तर फळीला काजळाचं बोट लावलं. संध्याकाळी फळ्या पिवळ्याधमक होऊन परत आल्या, सटवाजी कोपरापर्यंत पिवळा, आणि संपतराव मदतीला गेले होते म्हणून विनाकारण नाकापर्यंत पिवळे. वास गेला. जो थोडा राहिला तो हळदीचा होता, आणि हळदीचा वास कुरुंद्यात वास म्हणून धरत नाहीत.

*

फडताळ दुसऱ्यांदा उभं राहिलं. पहिल्या खेपेला बरण्या संपतरावांनीच भरल्या-काढल्या होत्या, वासापायी शकुबाई त्याच्या जवळही थांबल्या नव्हत्या. आज त्या पुढं झाल्या आणि खालच्या कप्प्याच्या काठावर त्यांनी बोटं ठेवली. ठेवली आणि तिथंच थांबल्या.

"ह्यो… ह्यो आपला कासव हाय."

बोटं वर सरकली. "हे हंस. एकामागं एक. ही शंकरपाळ्यासारखी नक्षी. हे कमळ. अगं बाई, ह्यो सिंह, ह्याचा कान फुटकाय, बराबर!" सगळ्यात वरच्या कप्प्याला डोळे वटारलेलं, दात विचकलेलं राक्षसाचं तोंड होतं. मंदिरांच्या खांबांवर असतं तसं.

दर दिवाळीला ते खांब शकुबाई स्वतः धुवायच्या. काजळीखालची जी नक्षी बघून साहेब हरखले, ती शकुबाईंच्या बोटांना वर्षानुवर्षं माहीत होती. सटवाजीनं तीच खांबावरून उचलून, त्याच क्रमानं, खालून वर, कप्प्याकप्प्याच्या काठाला बसवली होती. बघणाऱ्याला ती नक्षी दिसायची. शकुबाईंना ती वाचता येत होती.

"मीठ कुठं ठेवायचं, मावशी?" सटवाजीनं विचारलं.

"कासवापाशी," शकुबाई म्हणाल्या. "दोघंबी तळाशी बसत्यात. साखर कमळात. हंसाला तांदूळ. मिरची सिंहाला द्या, त्यालाच सोसंल." मग त्यांनी वरच्या त्या राक्षसाचं तोंड चाचपलं आणि खुदकन हसल्या. "आन् ह्याला हिंग. तोंड तर आत्ताच खाल्ल्यावानी करून बसलाय!" हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि बराच वेळ काढला नाही.

संपतराव सटवाजीला बाजूला घेऊन गेले. "म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"हं."

"कधी?"

"चुन्याच्या टायमाला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलले का?"

*

भंडाऱ्याच्या दिवशी उकंडराव सकाळीच आले. त्यांच्या मागोमाग हट्ट्याहून शकुबाईंचा पुतण्या मुंजाजी आला, गाडीत गवताचं अंथरूण घालून. उकंडरावांनीच निरोप धाडला होता. वेळ आलीच तर म्हातारीला पंगत उठल्यावर ताटकळायला नको, एवढाच त्यांचा भाव. पण दारात ती गाडी उभी राहिलेली पाहून संपतरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

उकंडराव थेट स्वयंपाकघरात शिरले. फडताळासमोर उभे राहिले. "नक्षी झकास हाय," ते म्हणाले. "मावशी, जरा जिरं द्या बरं. पोट जड वाटून राहिलं."

शकुबाईंचा उजवा हात चुलीवरच्या पातेल्यात होता. डावा नुसता मागं गेला, काठावरून ओझरता फिरला आणि चिमूटभर जिरं घेऊन आला.

"जरा ववा बी द्या."

ओवा आला.

"आन् मीठ."

मीठ आलं. शकुबाईंनी तोंड वर केलं. "समदं मिळून फक्की करून देऊ का, मालक? पंगतीला उशीर व्हतो." असं म्हणताना त्या उकंडरावांकडं बघत होत्या. म्हणजे उकंडरावांच्या खांद्याच्या जरासं पलीकडं, खांब होता तिथं.

उकंडरावांनी मागं वळून खांबाकडं पाहिलं. मग शकुबाईंकडं. मग हळूच पुढं होऊन त्यांनी कप्प्याच्या काठावर स्वतःचं बोट ठेवलं आणि कासवाच्या पाठीवरून फिरवलं. संपतरावांनी मनातल्या मनात मठात जेवढे देव होते तेवढे सगळे बोलावले.

"बरं बसलंय फडताळ," उकंडराव शेवटी म्हणाले. "हालवू नका इथून. कुनालाच."

पंगत बसली. बासुंदी गोड होती. उकंडरावांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, पुन्हा भरून घेतली. अर्ध्या पंगतीत त्यांनी मुंजाजीला हाक मारली. "ये बाबा, बस. पोटभर जेव, आन् रिकामी गाडी घेऊन जा. मावशी आमची हाय."

मुंजाजी खरोखर वाईट माणूस नव्हता. तो तीन माणसांचं जेवला आणि चुलतीच्या पाया पडून गेला. जाताना त्यानं गाडीतलं गवत मठाच्या गाईला घातलं.

पुढं कितीतरी वर्षं कासवापाशी मीठ आणि कमळात साखर राहिली. साहेब आले, तेव्हा त्यांनी दगड कुठं संपतो आणि लाकूड कुठं लागतं ते डोळे बारीक करून शोधलं, आणि पुन्हा पिठलं दोनदा मागून घेतलं. रझाकारांच्या धामधुमीत चार दिवस गाव सोडावं लागलं, तेव्हा सटवाजी न बोलावता येऊन खुंट्या काढून फडताळ गाडीत भरून घेऊन गेला आणि निजामाचं राज्य गेल्यावर तसंच परत उभं करून गेला. त्या आनंदाच्या पंगतीलाही बासुंदी शकुबाईंनीच केली. वाढलीही त्यांनीच, ताटाच्या कडेला डाव्या हाताचं एक बोट लावून.

पण हे सगळं नंतरचं. त्या भंडाऱ्याच्या संध्याकाळी सटवाजी हत्यारं पिशवीत भरत होता. संपतराव नारळ आणि नवं मुंडासं घेऊन त्याच्याजवळ आले. बोलायचं तर त्यांनी सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं, पण तोंड उघडल्यावर सगळं विस्कटलं.

"सटवाजी, तुम्ही काय केलंत ते तुम्हाला ठाऊक नाही. मावशी म्हणजे आमची आईच. मी तर तिच्या हातचं खाऊनच एवढा झालो. माझ्या हातून तिचं घर जात होतं, ते तुम्ही राखलंत. हे ऋण कसं फेडू? तुमच्यासाठी काय करू, सांगा. काहीही सांगा, मी जन्मभर करीन."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी, सवयीनं, त्यांचा हात फडताळाकडं गेला. कमळाच्या कप्प्यातली एक बरणी शेजारच्या बरणीपेक्षा जराशी पुढं आली होती. ती त्यांनी दोन बोटांनी सरळ करायला घेतली.

सटवाजीनं पिशवी खांद्याला लावली.

"कशाला हात लावू नका."